गीरचे ८९१ सिंह: निम्म्याहून जास्त अभयारण्याबाहेर, मग त्यांना पोसतंय कोण?

आडवाट

मे २०२५ च्या गणतीत गुजरातमध्ये ८९१ सिंह निघाले. २०२० मध्ये ६७४ होते, २०१५ मध्ये ५२३. बातमी आल्यावर सरकारने पाठ थोपटून घेतली आणि त्यात काही गैर नाही. १९६८ मध्ये हाच आकडा १७७ होता. एकेकाळी इराण-इराकपासून बिहारपर्यंत फिरणारं हे जनावर आता रानात फक्त सौराष्ट्रात उरलंय, आणि तिथे ते वाढतंय. देशात असं किती प्राण्यांबद्दल म्हणता येईल?

पण त्याच गणतीतला दुसरा आकडा मला जास्त खुणावतो. ८९१ पैकी ३८४ सिंह गीरच्या अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात आहेत. उरलेले ५०७ बाहेर. त्यातले काही गिरनार, मितियाळा, बरडा अशा छोट्या जंगलांत आहेत, हे मान्य. बाकीचे कुठे आहेत? अमरेली आणि भावनगर जिल्ह्यातल्या कापसाच्या-भुईमुगाच्या शेतांत, शेत्रुंजी नदीच्या काठच्या वेड्या बाभळीत, राजुला-जाफराबादच्या किनाऱ्यावर. गीरचं संरक्षित जंगल सगळं मिळून १४१२ चौरस किलोमीटर, त्यात राष्ट्रीय उद्यान जेमतेम २५८. आणि सिंह पसरलेत ३५,००० चौरस किलोमीटरवर, म्हणजे दोन पुणे जिल्हे बसून वर जागा उरेल एवढ्या मुलखात.

तिथे ते खातात काय? १९७० च्या सुमारास पॉल जॉस्लिन नावाच्या संशोधकाने गीरमध्ये सिंहांची विष्ठा तपासली, तेव्हा खाण्यात तीन चतुर्थांश पाळीव गुरं निघाली होती. पुढे १९७२ पासून मालधारींना, म्हणजे जंगलात 'नेस' करून राहणाऱ्या गुराख्यांना, बाहेर वसवलं गेलं. चराई घटली, गवत वाढलं, चितळ-सांबर वाढले आणि जंगलातला सिंह पुन्हा शिकारीवर आला. हे गीरचं मोठं यश. पण सिंह वाढून बाहेर पडले, तसे पुन्हा गुरांवर आले. भाकड गाय, मोकाट बैल, गावाबाहेर ओढून टाकलेलं मेलेलं ढोर, आणि जोडीला नीलगाय न्‌ रानडुक्कर.

म्हणून माझं म्हणणं असं, की 'जंगल राखा, सिंह राहील' हे गीरपुरतं निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं शेतकऱ्याच्या गोठ्यात ठरतं. तो आज सिंहाला सोसतो, कारण नीलगाय आणि डुकरं पिकापासून लांब राहतात, भाकड जनावर गेलं तर भरपाईचा अर्ज करता येतो, आणि सिंह मारू नये ही भावनाही तिथे खरोखर आहे. यातलं एक जरी बदललं तर? आपल्याकडे याचा विचार करणारे कुणी आहेत का? तिकडे राहिलेल्या लोकांनी जरूर लिहावं.

---

मुग्धा_प

धागा आवडला. एक शंका: एवढ्या मुलखात सिंह मोजतात कसे? एकच सिंह दोनदा मोजला जात नसेल कशावरून?

---

आडवाट

मुग्धाताई, पूर्वी पौर्णिमेच्या आसपास पाणवठ्यांवर बसून मोजायचे. आता भाग, उपभाग पाडून एकाच वेळी सगळीकडे माणसं फिरतात. कानाचे तुकडे, अंगावरचे व्रण, मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांची मांडणी, कुठल्या दिशेने गेला, कितीचा कळप, हे सगळं लिहून शेजारच्या पथकाशी ताडून बघतात. २०२० मध्ये कोविडमुळे पूर्ण गणती न होता पौर्णिमेचं निरीक्षणच झालं होतं. थोडं इकडेतिकडे होणारच. पण पन्नास वर्षांचा कल बघितला, तर चढताच आहे.

---

सौराष्ट्रवासी

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे बरीच वर्षं अमरेली जिल्ह्यात आहे. आडवाट यांनी लिहिलंय ते बरोबर आहे, पण पुण्यात बसून जेवढं रोमांचक वाटतं तेवढं इथे वाटत नाही. इथे सिंह ही रोजची गोष्ट आहे. सकाळी दूध घालायला जाणारा माणूस 'काल रात्री पादरापर्यंत (म्हणजे गावाच्या वेशीपर्यंत) आले होते' असं सांगतो आणि लगेच कापसाच्या भावावर येतो. इथल्या लोकांना सिंहापेक्षा बिबट्याची धास्ती जास्त, हे कुणालाही विचारा.

खरा त्रास रात्रीच्या विजेचा. शेतीची वीज रात्रपाळीला आली की माणूस हातात बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघतो. बांधावर काय बसलंय ते दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. जाणती माणसं चालताना मोठ्याने बोलतात, खोकतात, काठी आपटतात, म्हणजे जनावराला आधी कळतं आणि ते उठून बाजूला होतं. पिल्लं असलेली मादी किंवा माजावर आलेली जोडी असेल, तर मात्र गडी पाणी न देता घरी येतो. सरकारने दिवसा वीज द्यायची योजना २०२० मध्ये आणली. जिथे ती नीट पोचली तिथे माणूसही सुखी आणि सिंहही. माझ्या मते सिंहासाठी झालेलं ते एक मोठं काम आहे, पण ते कुठल्याच वन्यजीव अहवालाच्या मुखपृष्ठावर येणार नाही.

दुसरं विहिरींचं. इथल्या जुन्या विहिरी जमिनीसपाट, कठडा नाही. रात्री नीलगाईच्या मागे धावताना सिंह थेट आत. वन खात्याने आणि काही संस्थांनी मिळून हजारो विहिरींना कठडे बांधले. शेतकऱ्याने थोडे पैसे घालायचे, बाकीचे त्यांनी. साधं सिमेंट-विटांचं काम, पण त्याने वाचलेले सिंह कुणी मोजत नाही.

---

ओतूरकर

दिवसा विजेचं वाचून हसू आलं. जुन्नर-आंबेगावात आम्ही बिबट्यापायी हीच मागणी करून थकलो. उसाला पाणी द्यायला रात्री दोनला जायचं आणि सरीत बिबट्या. आमच्याकडे तर तो उसातच जन्मतो. तोडणीला पिल्लं सापडतात, मग वन खात्याची माणसं येतात, पिल्लं क्रेटमध्ये त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र भरून वाहतंय.

पण एक फरक सांगतो. तिकडे सिंहाबद्दल अभिमान आहे, 'आमचा' आहे. बिबट्याला आमच्याकडे कुणी आमचा म्हणत नाही. आणि खरं सांगू का, म्हणायचं तरी कसं? ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला तुम्ही सहजीवन शिकवायला जाऊ नका. गीरमध्ये माणसांवरचे हल्ले वाढले तर तिथला अभिमान किती दिवस टिकतो, ते बघू.

---

तिरकस

बोरिवलीला जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून सिंहांची जोडी आणलीय २०२२ ला. बदल्यात आपण वाघ दिले. म्हणजे महाराष्ट्राचा सिंहाचा वाटा पोचला. (हलके घ्या.)

---

ढोरवैद्य

गुरांचा डॉक्टर आहे, म्हणून एका गोष्टीवर जरा सविस्तर लिहितो. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गीरच्या पूर्व भागात, दलखाणिया रेंजमध्ये, पाहता पाहता २३ सिंह मेले. सुरुवातीला आपसातल्या मारामाऱ्या असं सांगितलं जात होतं. नंतर नमुने आपल्या पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) आले आणि कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणू असल्याची खात्री झाली. जोडीला गोचिडीतून पसरणारा बबेसिया.

डिस्टेंपर हा मुळात कुत्र्यांचा रोग. आमच्याकडे दवाखान्यात लस न दिलेली पिल्लं घेऊन लोक येतात, तेव्हा ओळखायला वेळ लागत नाही: डोळ्यांना चिपडं, नाकातून घट्ट स्राव, मग हगवण, आणि शेवटी जबडा आपोआप चघळल्यासारखा हलत राहतो. त्या अवस्थेला आल्यावर हातात फार काही उरत नाही. आता हे जंगलात कसं जातं ते बघा. गावाबाहेर मेलेली म्हैस टाकली. संध्याकाळी कुत्री खाऊन गेली, रात्री सिंह आले. सिंह एकत्र खातात, नाकाला नाक लावून, एकमेकांवर गुरकावत. वाघ-बिबट्या एकटे असतात, तिथे रोग एकापाशी थांबू शकतो. सिंहाच्या कळपात एकाला झालं की सगळ्यांना.

१९९४ ला टांझानियात सेरेंगेटीमध्ये याच विषाणूने सुमारे हजार सिंह नेले, तिथल्या एकूण सिंहांपैकी जवळजवळ एक तृतीयांश. पण आफ्रिकेत दुसऱ्या देशांतही सिंह होते. आपल्याकडे दुसरं ठिकाण नाही, शिवाय गीरचे सगळे सिंह शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उरलेल्या मूठभरांचे वंशज. एकमेकांचे इतके जवळचे नातेवाईक, की एकाला जे झेपलं नाही ते दुसऱ्यालाही झेपेल याचा भरवसा नाही.

२०१८ ला अमेरिकेतून लस मागवली, धोक्यातल्या भागातले सिंह पकडून टोचले. ठीक आहे, आणीबाणी होती. पण रानातल्या सिंहाला पकडून पुन्हा पुन्हा टोचणं हा काही कायमचा मार्ग नाही. भोवतालच्या गावांतल्या कुत्र्यांना आणि गुरांना लसी देणं हे कंटाळवाणं, न दिसणारं, दरवर्षी करायचं काम आहे. आडवाट यांना 'गोठ्यात ठरतं' यात हेही धरायला हवं होतं.

---

शंकासुर

डॉक्टरांनी मुद्द्याला हात घातला, आता मी नाव घेतो: कुनो.

मध्य प्रदेशात कुनो-पालपूर सिंहांचं दुसरं घर म्हणून नव्वदच्या दशकात निवडलं गेलं. त्यासाठी तिथली २४ गावं हलवली, बहुतेक सहरिया आदिवासींची. गुजरात सिंह द्यायला तयार होईना. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १५ एप्रिल २०१३ ला निकाल आला: सहा महिन्यांत सिंह हलवा. आज किती वर्षं झाली ते मोजा. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच कुनोत नामिबियाहून चित्ते उतरले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा. म्हणजे सिंहांसाठी ज्यांनी घरं सोडली त्या सहरियांच्या जमिनीवर विमानाने आणलेले चित्ते राहतात आणि सिंह तिथेच, सौराष्ट्रात.

'गुजरातची अस्मिता' या दोन शब्दांपलीकडे याचं कारण कुणी देऊन दाखवावं.

---

मुग्धा_प

शंकासुर, देते. तुम्हाला पटणार नाही, तरी देते.

१९५७ मध्ये उत्तर प्रदेशात चंद्रप्रभा अभयारण्यात एक नर आणि दोन माद्या गीरहून नेऊन सोडल्या होत्या. वाढून ११ झाल्या. पुढे एकही उरला नाही. कुठे गेले, कुणी मारले, धड नोंदही नाही. तेव्हा 'सिंह द्या' म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की कुनोच्या आसपासच्या माणसाला सिंहाबद्दल काय वाटतं? गीरमध्ये जे आहे ते पिढ्यान्‌पिढ्या सोबत राहून आलंय. ते ट्रकमध्ये भरून नेता येत नाही. शिवाय बरडा आहेच. पोरबंदरजवळच्या बरडा डोंगरात १८७९ नंतर सिंह नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये एक नर आपल्या पायांनी चालत तिथे पोचला, आणि २०२५ च्या गणतीत तिथे १७ निघाले. सिंहाने स्वतः घर शोधलं, तर आपण का ढवळाढवळ करायची?

---

शंकासुर

चंद्रप्रभात तीन जनावरं सोडून पाठ फिरवली होती, त्या काळी रेडिओ कॉलरही नव्हते. तो पुरावा हलवण्याविरुद्धचा नाही, निष्काळजीपणाविरुद्धचा आहे. आणि बरडा! आहे केवढं? १९२ चौरस किलोमीटर. गीरपासून शंभरेक किलोमीटर. डॉक्टरांचा विषाणू तेवढं अंतर एखाद्या कुत्र्याच्या पाठीवर बसून जाईल. मे २०२१ चं तौक्ते वादळ आठवतंय का? ऊना-दीवच्या बाजूने जमिनीवर आलं आणि गीरमधली लाखो झाडं उन्मळून गेली. सिंह वाचले हे नशीब. दुसरं घर म्हणजे असं घर, जिथे तोच रोग आणि तेच वादळ त्याच महिन्यात पोचणार नाही. बरडा हे त्याच वाड्यातलं दुसरं दालन आहे.

---

पन्नाशीतला

गंभीर चर्चेत व्यत्यय आणतोय, माफी असावी. जानेवारीत सोमनाथ-दीव-सासण असा बेत आहे. सफारीत सिंह दिसतोच का? हॉटेलवाला म्हणतोय की रात्री शेतात नेऊन हमखास दाखवतो.

---

सौराष्ट्रवासी

पन्नाशीतला, अजिबात जाऊ नका. तो बेकायदा 'लायन शो' आहे. कोंबडी किंवा रेडकू बांधून सिंहाला बोलावतात, गाडीचे दिवे मारतात, व्हिडिओ काढतात. यात नेणाऱ्यांवरच नाही, बघायला गेलेल्यांवरही गुन्हे दाखल झालेत. आणि कायदा सोडा, माणूस दिसला की खायला मिळतं हे सिंहाला शिकवणाऱ्यांचे भोग पुढे एखादा शेतमजूर भोगतो.

सासणच्या सफारीचा परवाना ऑनलाइन काढा, जिप्सीतून जाता येतं. दिसेलच असं नाही. देवळियाला कुंपणातला पार्क आहे, तिथे बहुधा दिसतो. १६ जून ते १५ ऑक्टोबर जंगल बंद असतं, जानेवारीला काही अडचण नाही. वेळ असेल तर कमलेश्वर धरणावर मगरी बघा. आणि गाइड जांबूर-शिरवाण भागातला सिद्दी समाजातला मिळाला तर त्याच्याशी गप्पा मारा. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले.

शंकासुर आणि मुग्धाताई, तुमच्यात पडत नाही, पण अंतरांबद्दल बोलताय म्हणून सांगतो. रोग आणि वादळं येतील तेव्हा येतील, इथे आत्ता रेल्वे आहे. पिपावाव बंदराकडे जाणारी मालगाडीची लाइन थेट सिंहांच्या वाटेतून जाते. राजुला-लिलिया भागात रुळांवर सिंह मेलेत, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. आता वेगमर्यादा आहे, रुळांच्या कडेने ट्रॅकर फिरतात, इंजिन ड्रायव्हरने ब्रेक मारून सिंह वाचवल्याच्या बातम्याही येतात. पण बंदराचा माल वाढतोय, गाड्या वाढणार. आणि बाभळीची रानं साफ करून कारखाने, खाणी, गोदामं उभी राहतायत. दिवसा सिंह जिथे पडून राहतो ती सावलीच जातेय. नकाशावर ती पडीक जमीन, कारण तिथे वेडी बाभूळ. वनस्पतिशास्त्राचे लोक त्या झाडाला शिव्या घालतात, सिंहाला ते चालतं.

---

ओतूरकर

गेल्या वर्षी-दोन वर्षांत तिकडे गावांनी इको-सेन्सिटिव्ह झोनला (जंगलाभोवतीच्या, बांधकाम-खाणींवर निर्बंध असलेल्या पट्ट्याला) विरोध केल्याचं वाचलं होतं. सिंह आमचा, पण नियम नकोत, असं का?

---

सौराष्ट्रवासी

असंच नाही, पण थोडं असंही. सप्टेंबर २०२४ मध्ये गीरभोवतीच्या १९६ गावांचा मसुदा आला. तलाला म्हणजे केसर आंब्याचा पट्टा. बागायतदाराला भीती की विहीर खोदायला, शेड बांधायला, घर वाढवायला प्रत्येक वेळी परवानगी मागत फिरावं लागेल. ही भीती मी खोटी म्हणणार नाही, कागद घेऊन कचेरीत उभं राहणं काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच मोर्चात ज्यांची रिसॉर्टं आहेत तेही शेतकऱ्यांच्या टोपीखाली चालत होते. खाणवाले आणि हॉटेलवाले यांना लागू व्हायचे नियम आणि दोन एकरवाल्याला लागू व्हायचे नियम वेगळे काढले असते, तर निम्मा विरोध मावळला असता.

---

ढोरवैद्य

मूळ धाग्यातल्या भाकड गुरांकडे परत येतो, कारण तिथे एक गोम आहे. २०१७ मध्ये गुजरातने गोहत्येला जन्मठेपेची तरतूद केली. भाकड गाय विकता येत नाही, पोसणं परवडत नाही, मग ती मोकाट सुटते. ही गुरं आज सिंहांची मोठी शिदोरी आहेत, हे बोलायला कुणाला आवडत नाही. दुसरीकडे दुधाचा धंदा म्हशींवर सरकतोय आणि जाफराबादी म्हैस सिंहाला सहज हाती लागत नाही; कळपातल्या म्हशी गोल करून शिंगं बाहेर काढून उभ्या राहतात. म्हणून तर मालधारी म्हशी राखत आले. गोठ्यात बांधून वैरण घालायची पद्धत वाढली, की रानात फिरणारी गुरं कमी होणार. मग ५०७ सिंह काय खाणार? नीलगाय पुरेल?

---

आडवाट

डॉक्टर, नेमका हाच हिशेब मांडायचा होता, तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलात.

मुग्धाताई, सहनशीलता ट्रकमध्ये भरून नेता येत नाही, हे वाक्य मी मनात ठेवतो. पण ती इथेही अमर नाही. मार्च २०२५ मध्ये सासणला बैठक होऊन प्रोजेक्ट लायनसाठी, म्हणजे केंद्राच्या सिंह संवर्धन योजनेसाठी, २,९०० कोटींहून जास्त रकमेची घोषणा झाली. त्यातलं किती दवाखान्यांवर, कॉलरवर, इमारतींवर जाईल आणि किती कठडे, दिवसाची वीज, कुत्र्यांच्या लसी आणि वेळेवर मिळणाऱ्या भरपाईवर जाईल, हे बघायचं. मला विचाराल तर दुसऱ्या यादीवर निम्मे तरी जावेत.

आणि शंकासुर, कुनोबद्दल मी तुमच्याच बाजूचा आहे. २०२३ मध्ये आपण चंद्रपूरच्या दोन वाघिणी नागझिऱ्याला नेऊन सोडल्या, त्यावर कुणाची अस्मिता दुखावली नाही, कारण दोन्ही टोकं एकाच राज्यात होती. राज्याची सीमा आली की वाघ-सिंह राज्याची मालमत्ता होतात.

---

शंकासुर

चला, एक तरी मत पडलं. पण कुनोत आता चित्ते वाढवायचे म्हणतात, त्यात सिंह सोडले तर चित्त्याची पिल्लं सिंहच मारणार. म्हणजे २०१३ चा निकाल कागदावर जिवंत आणि जागेवर मेलेला. आता नवं ठिकाण शोधायचं, पुन्हा गावं हलवायची, पुन्हा तीस वर्षं. तोवर सौराष्ट्रातल्या कुत्र्यांना लसी टोचत बसा, दुसरं काय.

---

ढोरवैद्य

टोचत बसायला माझी हरकत नाही. फक्त माणसं आणि लसी द्या. एका तालुक्याला दोन पशुवैद्यक असतात आणि त्यातली एक जागा बहुधा रिकामी.